वाचक विचारतात : न्यूट्रॉन आणि अणुकेंद्र

या महिन्यात न्यूट्रॉन आणि अणुकेंद्राच्या रचनेवरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. ऊर्जेचं एकक सगळीकडे एमईव्ही, म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, असं धरलं आहे. उत्तरांतले आकडे कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः पडताळून पाहावेत ही विनंती. अणुकेंद्र पाठांतराने कळत नाही, बेरीज-वजाबाकीने कळतं.

प्रश्न : न्यूट्रॉन म्हणजे एकमेकांना चिकटलेले प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, म्हणून त्यावर विद्युतभार नसतो, असं आम्हाला क्लासमध्ये सांगितलं. न्यूट्रॉन फुटला की प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनच बाहेर येतात, मग हे बरोबरच ना? (अकरावीतली विद्यार्थिनी, सातारा)

नाही, हे चूक आहे, आणि ते अजून शिकवलं जातं याचं वाईट वाटतं. १९३२ पूर्वी भौतिकशास्त्रज्ञही अणुकेंद्रात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन आहेत असंच मानत होते. ती कल्पना कशी कोसळली ते पाहा. नायट्रोजन-१४ चं वस्तुमान १४ आणि भार ७. जुन्या हिशेबाने त्याच्या केंद्रात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन, एकूण २१ कण हवेत. प्रत्येकाचं स्पिन, म्हणजे कणाची अंगभूत फिरकी, अर्धं. विषम संख्येने अर्धे कसेही मिळवा-वजा करा, उत्तर पूर्णांक येणार नाही. पण नायट्रोजनच्या वर्णपटावरून त्या केंद्राचं स्पिन १ येत होतं. ७ प्रोटॉन आणि ७ न्यूट्रॉन धरले, आणि न्यूट्रॉन हा अर्ध्या स्पिनचा स्वतंत्र कण मानला, की १४ कण होतात आणि पेच सुटतो.

दुसरा पुरावा ऊर्जेचा. इलेक्ट्रॉनला अणुकेंद्राएवढ्या, ५ फेम्टोमीटरच्या जागेत (फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग) कोंडायचं तर अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार (जागा जितकी अरुंद तितका कणाचा संवेग मोठा) त्याची ऊर्जा सुमारे ४० एमईव्ही भरते. बीटा किरणोत्सारात बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मात्र बहुतेक वेळा एक-दोन एमईव्ही किंवा त्याहून कमी असते. म्हणजे तो इलेक्ट्रॉन आत बसलेला नव्हताच. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो त्या क्षणी इलेक्ट्रॉन आणि अँटिन्यूट्रिनो (एक भाररहित, अतिशय हलका कण) नव्याने तयार होतात. आज आपण न्यूट्रॉनचं वर्णन एक अप क्वार्क आणि दोन डाउन क्वार्क असं करतो (क्वार्क म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते मूलकण). अपचा भार अधिक दोन तृतीयांश, डाउनचा उणे एक तृतीयांश, बेरीज शून्य.

प्रश्न : न्यूट्रॉनवर भार नाही, म्हणजे तो विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रात वळत नाही. मग न्यूट्रॉन शोधणाऱ्या चॅडविकनी त्याचं वस्तुमान मोजलं कसं? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

त्यांनी न्यूट्रॉनला हातच लावला नाही. त्याने ज्यांना धक्का दिला ते कण मोजले. पोलोनियममधले अल्फा कण (हीलियमची केंद्रं) बेरिलियमवर आदळले की एक भेदक किरण निघतो, हे बोटे आणि बेकर यांनी १९३० मध्ये पाहिलं होतं. जानेवारी १९३२ मध्ये पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी यांना दिसलं की हा किरण पॅराफिन मेणातून वेगवान प्रोटॉन उडवतो. त्यांनी तो गॅमा किरण, म्हणजे अतिऊर्जेचा प्रकाश, मानला. केंब्रिजमध्ये चॅडविकनी हिशेब केला. या प्रोटॉनांची कमाल ऊर्जा सुमारे ५.७ एमईव्ही होती. गॅमाने तेवढी द्यायची तर त्या गॅमाची स्वतःची ऊर्जा ५० एमईव्हीच्या वर हवी. बेरिलियम-अल्फाच्या अभिक्रियेत जास्तीत जास्त १४ एमईव्हीच हाती येतात. त्याहून वाईट म्हणजे नायट्रोजनला बसलेल्या धक्क्यासाठी त्याच गॅमाला सुमारे ९० एमईव्ही लागत होते. एकाच किरणाची दोन वेगळी उत्तरं येत असतील तर गृहीतक चूक आहे.

मग त्यांनी हा किरण म्हणजे M वस्तुमानाचा भाररहित कण असं धरलं. समोरासमोरच्या टकरीत उडालेल्या कणाचा वेग म्हणजे 2M भागिले दोघांच्या वस्तुमानांची बेरीज, गुणिले मूळ कणाचा वेग. मूळ वेग माहीत नव्हता, म्हणून दोन लक्ष्यं घेऊन भागाकार केला, की तो निघून जातो. हायड्रोजनचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ३.३ कोटी मीटर, नायट्रोजनचा सुमारे ४७ लाख मीटर (हा आकडा फेदर यांच्या मेघकोष्ठातल्या, म्हणजे कणांचे माग दाखवणाऱ्या उपकरणातल्या, फोटोंवरून आला होता). गुणोत्तर ७. हायड्रोजनचं वस्तुमान १ आणि नायट्रोजनचं १४ धरलं, की (M अधिक १४) भागिले (M अधिक १) बरोबर ७, आणि M सुमारे १.१७. वेगांच्या मोजमापात दहा टक्क्यांची चूक धरली तर प्रोटॉनएवढंच वस्तुमान. पुढे बोरॉनवरच्या अभिक्रियेच्या ऊर्जेवरून त्यांनी ते १.००५ ते १.००८ च्या दरम्यान आणलं. आजचा आकडा १.००८६६ आहे. बारावीच्या वर्गात हे गणित फळ्यावर दहा मिनिटांत होतं. जरूर करून घ्या.

प्रश्न : मोकळा न्यूट्रॉन पंधरा मिनिटांत मोडतो, मग आपल्या शरीरातल्या कार्बन-ऑक्सिजनमधले न्यूट्रॉन का मोडत नाहीत? (बीएस्सीचा विद्यार्थी, नांदेड)

मोडायला लागणारी ऊर्जा त्यांच्याजवळ नसते, म्हणून. वस्तुमान ऊर्जेच्या एककात (E = mc² ने) मांडलं तर न्यूट्रॉनचं वस्तुमान ९३९.५६५ एमईव्ही, प्रोटॉनचं ९३८.२७२. फरक १.२९३. त्यातून इलेक्ट्रॉन घडवायला ०.५११ खर्च होतात, उरतात ०.७८२ एमईव्ही. ही शिल्लक आहे म्हणून मोकळा न्यूट्रॉन मोडतो. त्याचं सरासरी आयुष्य सुमारे ८८० सेकंद. अतिमंद न्यूट्रॉन बाटलीत कोंडून मोजलं तर ८७८ च्या आसपास येतं, झोतातून मोजलं तर ८८८ च्या आसपास, आणि या दहा सेकंदांचा उलगडा अजून झालेला नाही.

आता सगळ्यात साधं संयुक्त केंद्र घ्या, ड्यूटेरॉन : एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन. त्याचं वस्तुमान १८७५.६१३ एमईव्ही. आतला न्यूट्रॉन मोडला तर हाती दोन प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन येईल. त्यांची बेरीज १८७७.०५५. शेवटचं वस्तुमान सुरुवातीच्यापेक्षा १.४४ एमईव्हीने जास्त! दोन प्रोटॉनांचं बांधलेलं केंद्रच नसतं, त्यामुळे न्यूट्रॉन मोडायचा तर आधी २.२२ एमईव्हीची बंधनऊर्जा (केंद्रातले कण सुटे करायला लागणारी ऊर्जा) भरावी लागते, आणि जवळ फक्त ०.७८२ असतात.

जिथे हिशेब जुळतो तिथे केंद्रातला न्यूट्रॉनही मोडतो. कार्बन-१४ मध्ये ६ प्रोटॉन, ८ न्यूट्रॉन. त्याचा नायट्रोजन-१४ झाला तर ०.१५६ एमईव्ही सुटतात. शिल्लक फार थोडी, पण धन आहे, म्हणून कार्बन-१४ किरणोत्सारी आहे. तेव्हा "केंद्रात न्यूट्रॉन स्थिर असतो" असं सरसकट लिहू नका. परीक्षेतही अणूचं नाव घेऊन लिहा.

प्रश्न : जड अणूंत प्रोटॉनांपेक्षा न्यूट्रॉन जास्त का? आणि हे जादा न्यूट्रॉन बसतात कुठे? (वाचक, पणजी)

केंद्रातल्या कणांना बांधून ठेवणारं केंद्रीय बल एक-दोन फेम्टोमीटरपलीकडे पोचत नाही, त्यामुळे प्रत्येक कणाला फक्त शेजाऱ्यांची ओढ मिळते. प्रोटॉनांमधलं विद्युत प्रतिकर्षण मात्र केंद्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचतं आणि प्रोटॉनांच्या संख्येच्या वर्गाच्या हिशेबात वाढतं. युरेनियम-२३८ मध्ये हे प्रतिकर्षण सुमारे साडेनऊशे एमईव्ही खाऊन टाकतं, तर एकूण बंधनऊर्जा उरते सुमारे १८०० एमईव्ही. न्यूट्रॉन ओढ वाढवतात, प्रतिकर्षण वाढवत नाहीत. म्हणून कॅल्शियम-४० नंतर समसमान संख्येचं एकही स्थिर केंद्र नाही.

नुसते न्यूट्रॉन घालत गेलं म्हणून मात्र भागत नाही. दोन न्यूट्रॉनांचंसुद्धा बांधलेलं केंद्र नसतं. ड्यूटेरॉनमध्ये दोन्ही स्पिन एकाच दिशेला असतात आणि त्या रचनेतली ओढच जास्त जोरकस आहे. दोन सारखे न्यूट्रॉन पाउलीच्या नियमामुळे (दोन सारखे कण एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) त्या अवस्थेत बसू शकत नाहीत.

जादा न्यूट्रॉन कुठे, याचं उत्तर अलीकडे मोजलं गेलं. शिसं-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन. अमेरिकेतल्या जेफरसन प्रयोगशाळेने २०२१ मध्ये इलेक्ट्रॉन विखुरवून दाखवलं की न्यूट्रॉनांचा पसारा प्रोटॉनांच्या पसाऱ्याबाहेर सुमारे ०.२८ फेम्टोमीटर येतो, मोजमापातली अनिश्चितता ०.०७. साडेपाच फेम्टोमीटर त्रिज्येच्या केंद्राला ही न्यूट्रॉनांची पातळ साल आहे.

प्रश्न : युरेनियम-२३५ मंद न्यूट्रॉननेही फुटतं आणि २३८ फुटत नाही. तीन न्यूट्रॉनांनी एवढा फरक कसा पडतो? आणि तारापूरच्या काही अणुभट्ट्यांत साधं पाणी, काहींत जड पाणी, असं का? (अभियंता, पालघर)

फरक तीनच्या आकड्याने पडत नाही, सम-विषमाने पडतो. युरेनियम-२३५ मध्ये १४३ न्यूट्रॉन. बाहेरून आलेला १४४ वा न्यूट्रॉन एकट्या राहिलेल्या न्यूट्रॉनशी जोडी जमवतो आणि जोडीमुळे जास्त ऊर्जा सुटते : सुमारे ६.५ एमईव्ही. केंद्र फुटण्यासाठीचा उंबरठा साधारण ६ एमईव्हीचा. म्हणजे न्यूट्रॉनने स्वतःचा वेग आणला नाही तरी चालतं. २३८ मध्ये १४६ न्यूट्रॉनांच्या जोड्या आधीच पूर्ण आहेत. १४७ वा एकटा राहतो आणि सुमारे ४.८ एमईव्हीच सुटतात. तूट भरायला न्यूट्रॉनला स्वतःजवळ एक एमईव्हीहून जास्त गतिज ऊर्जा आणावी लागते.

मंद न्यूट्रॉनचा आणखी एक मोठा फायदा. २३५ ला फोडण्याचा काटछेद (न्यूट्रॉनला केंद्र जणू केवढं मोठं लक्ष्य दिसतं ते क्षेत्रफळ, एकक बार्न) खोलीच्या तापमानाच्या न्यूट्रॉनसाठी ५८५ बार्न आहे, २ एमईव्हीच्या न्यूट्रॉनसाठी जेमतेम सव्वा बार्न. नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ फक्त ०.७२ टक्के, म्हणून मंदावणं भागच आहे. मंदावणं म्हणजे टकरा. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीवर नीट बसला की बहुतेक वेग तिला देतो, कडेवर आपटला की तसाच परततो. इथेही समोरचं केंद्र जितकं न्यूट्रॉनच्या वजनाचं तितकं बरं. एका टकरीत हायड्रोजन सगळी ऊर्जा घेऊ शकतो, ड्यूटेरियम (केंद्रात एक न्यूट्रॉन असलेला जड हायड्रोजन, जड पाण्यात हाच असतो) जास्तीत जास्त ८९ टक्के, कार्बन २८, युरेनियम पावणेदोन. २ एमईव्हीपासून ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत यायला हायड्रोजनमध्ये सरासरी १८ टकरा, ड्यूटेरियममध्ये २५, कार्बनमध्ये ११५.

मग हायड्रोजनच का नाही? कारण तो न्यूट्रॉन गिळतोही : ०.३३ बार्न. ड्यूटेरियम ०.०००५ बार्न, म्हणजे सहाशेहून जास्त पटींनी कमी. साधं पाणी वापरायचं तर युरेनियम समृद्ध करावं, म्हणजे त्यातलं २३५ चं प्रमाण वाढवावं लागतं. तारापूरच्या १९६९ च्या पहिल्या दोन भट्ट्या तशा आहेत. ट्रॉम्बेची ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झालेली अप्सराही साध्या पाण्याच्या तलावातली, समृद्ध इंधनाची होती. जड पाण्यात नैसर्गिक युरेनियम चालतं. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्या आणि ट्रॉम्बेची ध्रुव त्या जातीच्या.

जड पाण्याची शुद्धता इतकी जपतात यामागेही हाच हिशेब आहे. त्यात पाव टक्का साधं पाणी मिसळलं, तर तेवढ्यातला हायड्रोजन उरलेल्या ९९.७५ टक्के जड पाण्यापेक्षा जास्त न्यूट्रॉन गिळतो. वरच्या काटछेदांनी गुणाकार करून पाहा. हवेतली वाफ, गळका सील, वाळवून न घेतलेला पाइप, यांतून आत शिरलेला ओलावा थेट इंधनाच्या आयुष्यातून वजा होतो.

प्रश्न : विखंडनाची, म्हणजे केंद्रं फुटत जाण्याची, साखळी सेकंदाच्या हजाराव्या भागात वाढते म्हणतात. मग ऑपरेटर न्यूट्रॉन गिळणारे दांडे वर-खाली करून ती कशी आवरतो? (वाचक, डोंबिवली)

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त आवडला, कारण उत्तर थेट केंद्राच्या रचनेत आहे. साध्या पाण्याच्या भट्टीत न्यूट्रॉनची एक पिढी साधारण दहा हजारांश सेकंदाची. प्रत्येक पिढीत हजाराचे एक हजार एक झाले, तर सेकंदाला दहा हजार पिढ्यांत शक्ती सुमारे बावीस हजार पट होईल. कोणताही मोटरने चालणारा दांडा याला पुरा पडणार नाही.

वाचवतात ते उशिरा येणारे न्यूट्रॉन. युरेनियम-२३५ च्या विखंडनात हजारातले साडेसहा न्यूट्रॉन विखंडनाच्या क्षणी निघत नाहीत, नंतर तुकड्यांमधून येतात. सगळ्यात रेंगाळणारा गट ब्रोमीन-८७ चा, अर्धायुष्य सुमारे ५५ सेकंद. ब्रोमीन बीटा सोडून क्रिप्टॉन-८७ होतं. क्रिप्टॉन-८७ मध्ये ५१ न्यूट्रॉन. ५० ही अणुकेंद्रातली भरलेल्या कवचाची संख्या आहे. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या मालिकेतली, जिचं स्पष्टीकरण मारिया गोपर्ट-मायर आणि येन्सन यांनी १९४९ मध्ये दिलं. भरलेल्या कवचाबाहेरचा ५१ वा न्यूट्रॉन सैल बांधलेला असतो. तो काढायला साडेपाच एमईव्ही पुरतात, तर पन्नासावा काढायला जवळपास दहा लागतात. ब्रोमीनच्या बीटा ऱ्हासात ६.८ एमईव्ही उपलब्ध असतात, म्हणून कधीकधी क्रिप्टॉन इतक्या चढलेल्या अवस्थेत जन्मतं की तो सैल न्यूट्रॉन तत्काळ सुटतो. आयोडीन-१३७ चं तेच : त्याचं झेनॉन-१३७ होतं, ८३ न्यूट्रॉन, म्हणजे ८२ वर एक.

या थोड्या न्यूट्रॉनांमुळे वर घेतलेली एक हजारांशाची वाढ शक्ती दुप्पट करायला अर्धा मिनिट ते मिनिट घेते. दांडे हलवायला तेवढा वेळ भरपूर. अट एकच : साखळी उशिरा येणाऱ्यांशिवाय, नुसत्या तत्काळ न्यूट्रॉनांवर चालू शकेल इतकी मोकळीक भट्टीला कधीही द्यायची नाही.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत अमेरिशियम-बेरिलियम स्रोतासमोर न्यूट्रॉन मोजणारी बोरॉन ट्रायफ्लोराइडची नळी ठेवली तर मोजणी अगदी कमी येते. मध्ये शिशाची वीट ठेवली तरी फारशी घटत नाही, आणि मेणाचा ठोकळा ठेवला तर उलट वाढते. कॅडमियमचा पत्रा ठोकळ्याच्या बाहेरून लावला तर काहीच बदल नाही. नळी खराब आहे का? (एमएस्सीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

नळी ठणठणीत आहे. तुमची चारही निरीक्षणं बरोबर आहेत. स्रोतातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांची सरासरी ऊर्जा चार एमईव्हीच्या आसपास असते. बोरॉन-१० चा काटछेद मंद न्यूट्रॉनसाठी ३८४० बार्न आहे आणि वेग वाढेल तसा घटतो. चार एमईव्हीला तो हजारो पटींनी कमी. म्हणून उघडी नळी जवळजवळ आंधळी असते. शिशाच्या केंद्राला धडकून न्यूट्रॉन एका टकरीत दोन टक्केही ऊर्जा गमावत नाही, म्हणून वीट निरुपयोगी. मेणातला हायड्रोजन न्यूट्रॉन मंदावतो, म्हणून मोजणी वाढते.

कॅडमियमची जागा चुकली आहे. ते सुमारे अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टखालचेच न्यूट्रॉन गिळतं. ठोकळ्याबाहेर लावलं तर वेगवान न्यूट्रॉन त्यातून निघून जातात आणि आत मेणात मंदावतात. पत्रा मेण आणि नळी यांच्यामध्ये, नळीला पूर्ण गुंडाळून लावा, टोकंही झाका. एक मिलिमीटर पुरेसा आहे. अर्ध्या मिलिमीटरमधूनही हजारातले तीन-चार मंद न्यूट्रॉनच पार होतात. पत्र्याशिवायची मोजणी वजा पत्र्यासहची मोजणी, ही मंद न्यूट्रॉनांची मोजणी. कॅडमियम विषारी आहे : कापताना-घासताना भुकटी उडू देऊ नका, हातमोजे घाला.

मेणाची जाडी १ सेंटीमीटरने वाढवत आलेख काढा. मोजणी चढेल, साधारण ५ ते १० सेंटीमीटरच्या दरम्यान माथा येईल, मग मेणच न्यूट्रॉन गिळायला लागल्याने उतरेल. तुमच्या ठोकळ्याच्या आकारावर माथा सरकतो, म्हणून पुस्तकातली जाडी उचलू नका. स्रोत आणि नळी यांच्यातलं अंतर सगळ्या वाचनांत तेच ठेवा. भिंत आणि टेबलावरून परतणारे न्यूट्रॉनही मोजणीत शिरतात, म्हणून मांडणी खोलीच्या मध्यभागी घ्या.

मोजणीपूर्वी डिस्क्रिमिनेटर (ठरावीक उंबरठ्याहून लहान विद्युत पल्स गाळणारं मंडल) लावायचा राहिला असेल तर सगळेच आकडे वाया जातात. बोरॉनच्या अभिक्रियेत बहुतेक वेळा २.३१ एमईव्ही मिळतात : अल्फाला १.४७, लिथियमला ०.८४. यातला एक कण नळीच्या भिंतीत थांबला तर पल्स लहान येतो, म्हणून मुख्य शिखराच्या डावीकडे पायरी दिसते आणि ती ०.८४ ला संपते. गॅमाचे पल्स त्याच्याही खाली. दोघांमधल्या दरीत उंबरठा ठेवा. व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त चढवलं तर ही दरी भरून येते.

स्रोत हाताने उचलू नका, लांब चिमटा वापरा. अमेरिशियमचा ६० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा गॅमा दोन मिलिमीटर शिशात थांबतो, पण बेरिलियमच्या अभिक्रियेतून ४.४ एमईव्हीचा गॅमाही येतो. मेणात पकडलेला प्रत्येक न्यूट्रॉन २.२ एमईव्हीचा गॅमा सोडतो. मेणात बोरॅक्स मिसळला तर बहुतेक पकड बोरॉनकडे जाते आणि गॅमा ०.४८ चा येतो. म्हणून आडोशाचा क्रम स्रोताकडून बाहेर असा : आधी बोरॅक्सचं मेण किंवा पाणी, मग शिसं. छातीवरचा नेहमीचा टीएलडी (किरणोत्साराचा डोस मोजणारा) बॅज बीटा-गॅमासाठी असतो, वेगवान न्यूट्रॉनांचा डोस त्यात नीट उमटत नाही. प्रयोगशाळेच्या किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्यांकडून न्यूट्रॉनसाठीचा वेगळा बॅज मागून घ्या, आणि तो मिळेपर्यंत जाडीच्या आलेखाचं काम सुरू करू नका.